निदानाच्या उंबरठ्यावर : मल्टिपल स्क्लेरोसिस आणि त्याच्यासारखे भासणारे रोग

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील आरोग्यविषयक व्याख्यानाचा मजकूर)



हातापायांना मुंग्या येतात, एका डोळ्यापुढे धुके दाटते, जिना उतरताना पाऊल कोठे पडते ते कळेनासे होते. मेंदूचा एम.आर.आय. काढला जातो. अहवालात काही पांढऱ्या ठिपक्यांचा उल्लेख असतो आणि शेवटी प्रश्नचिन्ह लावून ‘मल्टिपल स्क्लेरोसिस’ असे लिहिलेले असते. त्या प्रश्नचिन्हाकडे घरात कुणाचे लक्ष जात नाही. लक्ष जाते ते नावाकडे. मग आणखी तपासण्या, दुसऱ्या तज्ज्ञाचे मत, काही महिन्यांनी पुन्हा एम.आर.आय. असा जो काळ सुरू होतो, तो पुष्कळदा रोगापेक्षाही जड जातो. मुलगी उपवर असेल तर तो अहवाल कपाटात कुलूपबंद होतो. प्रस्तुत व्याख्यानाचा विषय हा प्रतीक्षेचा काळ आणि त्या काळात पडताळून पाहावयाचे इतर रोग हा आहे.

मज्जातंतूंभोवती मायलिन नावाचे स्निग्ध आवरण असते. विजेच्या तारेवरील वेष्टनासारखे. मल्टिपल स्क्लेरोसिस, अर्थात एम.एस., या रोगात शरीराची रोगप्रतिकारशक्तीच मेंदू, मज्जारज्जू आणि डोळ्याची मज्जा येथील या आवरणावर चाल करून जाते. पॅरिसचे शार्को यांनी १८६८ साली या रोगाला स्पष्ट रूप दिले. तो बहुधा २० ते ४० या वयात सुरू होतो व स्त्रियांत अधिक आढळतो. एका रक्ततपासणीने त्याचे निदान होत नाही. मज्जासंस्थेत एकाहून अधिक ठिकाणी आणि एकाहून अधिक वेळी इजा झाल्याचा पुरावा परंपरेने शोधला जात आला आहे. मॅक्डोनल्ड यांच्या नावाने ओळखले जाणारे निकष २००१ साली प्रसिद्ध झाले; त्यानंतर ते अनेकदा सुधारले गेले, परंतु त्यातील एक अट कायम राहिली आहे : रुग्णाच्या लक्षणांचा उलगडा दुसऱ्या एखाद्या रोगाने अधिक चांगला होत नसला पाहिजे. तेव्हा डॉक्टर ‘थांबू या’ म्हणतात, तो प्रत्येक वेळी चालढकलपणा नसतो.

घाईचीही किंमत मोजावी लागते. अमेरिकेतील चार विद्यापीठीय केंद्रांनी, चुकून एम.एस. ठरविल्या गेलेल्या ११० रुग्णांचा आढावा २०१६ साली प्रसिद्ध केला. त्यांतील सुमारे एक-तृतीयांश लोक दहा वर्षे वा त्याहून अधिक काळ ते चुकीचे नाव वागवीत होते आणि बहुसंख्यांना एम.एस.ची औषधेही दिली गेली होती. खरा रोग काय होता ? कितीतरी जणांच्या बाबतीत साधी अर्धशिशी ! अर्धशिशीच्या रुग्णांच्या मेंदूतही बारीक पांढरे ठिपके दिसू शकतात. उच्च रक्तदाब, मधुमेह आणि उतारवय यांतही दिसतात. ठिपका म्हणजे रोग नव्हे. तो कोठे आहे, कोणत्या आकाराचा आहे आणि रुग्णाच्या तक्रारीशी जुळतो की नाही, हे पाहणाऱ्याने पाहावयाचे असते.

चाळिशीनंतर पाय ताठरू लागले, तर मानेच्या मणक्यांचा दाब मज्जारज्जूवर पडत नाही ना, हे आधी पाहावे लागते. भारतात क्षयाचा विचार कधीच सोडता येत नाही. मेंदूतील वा पाठीच्या कण्यातील क्षय नाना रूपे धारण करतो आणि तो ओळखण्यापूर्वी केवळ स्टिरॉइड दिले गेले तर तो बळावू शकतो. ल्यूपस, सार्कॉइडोसिस, बेहसेट हे आजार तुलनेने विरळ. पण तोंडात वारंवार फोड येणे, सांधे सुजणे, त्वचेवर चट्टे उठणे अशा गोष्टी रुग्णाने क्षुल्लक समजून सांगितल्या नाहीत, तर ते नजरेतून निसटतात.

एका रोगाविषयी मात्र थोडे थांबून सांगितले पाहिजे. फ्रान्समधील देविक यांनी १८९४ साली वर्णिलेला न्यूरोमायलायटिस ऑप्टिका हा रोग डोळ्याची मज्जा व मज्जारज्जू यांवर तीव्र आघात करतो. दीर्घकाळ तो एम.एस.चाच प्रकार मानला गेला. २००४ साली त्या रोगाशी निगडित प्रतिपिंड रक्तात सापडले आणि दोघांची फारकत झाली. हा भेद केवळ पुस्तकी नाही. इंटरफेरॉनसारखी एम.एस.ची काही औषधे या रोगात अपाय करू शकतात. म्हणून दृष्टी एकाएकी फार घटली असेल, किंवा मज्जारज्जूवरील व्रण तीन वा अधिक मणक्यांइतका लांब असेल, तर या प्रतिपिंडाची तपासणी महाग वाटली तरी टाळू नये.

आता या सभागृहाशी सर्वांत निकट असलेला विषय : जीवनसत्त्व ब-१२.

त्याच्या अभावाने मज्जारज्जूच्या मागील व बाजूच्या तंतूंचे मायलिन झिजते. पायांना मुंग्या, अंधारात तोल जाणे, डोळे मिटून उभे राहता न येणे, मान पुढे वाकवताच पाठीतून विजेची लहर गेल्यासारखे वाटणे, स्मृती मंदावणे; यांतील जवळजवळ प्रत्येक लक्षण एम.एस.मध्येही असते. हे जीवनसत्त्व वनस्पती तयार करीत नाहीत आणि प्राणीही करीत नाहीत. ते केवळ सूक्ष्म जीवाणू तयार करतात. शाकाहारी माणसाला ते मुख्यतः दूध-दह्यातून मिळते. प्रौढास दररोज सुमारे २ मायक्रोग्रॅम लागते आणि पेलाभर गाईच्या दुधात साधारण १ असते. पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे परिसरातील ४४१ पुरुषांची तपासणी करून २००६ साली निष्कर्ष मांडले. ६७ टक्क्यांत ब-१२ कमी आढळले. समाजातील घराघरात याचा अर्थ काय होतो, हे वेगळे सांगावयास नको.

यकृतात या द्रव्याचा काही वर्षे पुरेल इतका साठा असतो. त्यामुळे नऊ दिवसांच्या ओळीने किंवा अठ्ठाईने कोणाचे मज्जातंतू झिजत नाहीत, आणि तपाला दोष देण्याचे काही कारण नाही. परंतु साठा मुळातच तुटपुंजा असेल आणि वर्धमान तपासारखे दीर्घ आयंबिल चालू असेल, तर दूध, दही सर्वच वर्ज्य होते. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन किंवा आम्लपित्ताच्या गोळ्या वर्षानुवर्षे घेणाऱ्यांत हे जीवनसत्त्व शोषले जाणे आणखी घटते. हल्ली काही तरुण मंडळी अहिंसेच्या विचाराने दूधही सोडतात. त्यांनी तर पूरक मात्रा घेतलीच पाहिजे.

येथे एक जुनी कथा उद्बोधक आहे. ल्यूसी विल्स या इंग्रज महिला डॉक्टर १९२८ साली मुंबईस आल्या आणि गिरणी कामगार गर्भवती स्त्रियांच्या रक्तक्षयाचा त्यांनी अभ्यास केला. यीस्टच्या अर्काने तो बरा होतो, हे त्यांनी १९३१ साली मांडले. त्यातील प्रभावी द्रव्य पुढे फॉलिक ॲसिड म्हणून प्रसिद्ध झाले. मात्र ब-१२च्या अभावात एकटे फॉलिक ॲसिड दिले, तर रक्त सुधारते आणि मज्जातंतूंची हानी चालूच राहते. हिमोग्लोबिन चांगले आहे म्हणून ब-१२ पाहावयास नको, हा तर्क म्हणूनच फसवा ठरतो.

दुसरा फसवा प्रकार म्हणजे ताकदीचे लाल इंजेक्शन. अशक्तपणा वाटला की ते टोचून घेण्याची पद्धत आहे. तो लाल रंग ब-१२चाच असतो. ते घेतल्यावर रक्त तपासले तर आकडा उत्तम येतो आणि खऱ्या कारणाचा माग पुसला जातो. म्हणून आधी रक्ताचा नमुना द्यावा व नंतर लगेच उपचार सुरू करावा; त्यासाठी खोळंबून राहू नये, कारण मज्जातंतूंची भरपाई उपचार किती लवकर झाला यावर अवलंबून असते. आकडा सीमारेषेवर असल्यास होमोसिस्टीन व मिथिलमॅलोनिक ॲसिड या तपासण्यांनी संशय फिटतो. ब-१२ कमी निघाले म्हणजे एम.एस. नाहीच, असेही मात्र समजू नये. एकाच माणसाला दोन्ही असू शकतात. इतक्या शाकाहारी लोकसंख्येत तर सहज.

प्रतीक्षेच्या काळात पहिल्यापासूनचे सर्व एम.आर.आय.चे चित्रपट व अहवाल तारखेनुसार एकाच फाईलमध्ये ठेवावेत. प्रत्येक लक्षण कधी सुरू झाले, किती दिवस टिकले, हे लिहून ठेवावे, एम.एस.चा झटका किमान २४ तास टिकतो, क्षणभराची मुंगी त्यात मोडत नाही. चालू असलेली तपश्चर्या, चौविहार, आहारातील त्याग हे डॉक्टरांना संकोच न करता सांगावे, म्हणजे औषधांच्या वेळा सूर्यास्तापूर्वी बसविता येतात. दृष्टी झपाट्याने जाऊ लागली, दोन्ही पाय लुळे पडले किंवा लघवी अडली, तर पुढच्या भेटीची तारीख न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

राहता राहिला औषधाच्या शुद्धतेचा प्रश्न, जो वडीलधारी मंडळी हटकून विचारतात. १९२६ साली या अभावजन्य रक्तक्षयावर पहिला उपाय सापडला तो प्राण्यांचे यकृत खाण्याचा होता. श्रावकाला तो अशक्यच. १९४८ साली ब-१२ शुद्ध स्वरूपात वेगळे काढण्यात आले आणि आज ते जीवाणूंच्या साहाय्याने किण्वनातून तयार होते, त्यासाठी यकृत लागत नाही. मात्र अनेक कॅप्सूलची टरफले जिलेटिनची, म्हणजे प्राणिजन्य असतात. त्याऐवजी गोळी, जिभेखाली ठेवण्याची वडी किंवा इंजेक्शन मागावे. गोळीचे वेष्टनही वाचून घ्यावे.