दोन वर्षांचा शब्द

(गिरगाव येथे मंडळीच्या सभेत दिलेल्या भाषणावरून)



मी लालबागच्या चाळीत वाढले. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला, तेव्हा मी दोन वर्षांची होते. सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले. आई सांगते, वडील नाक्यावरून रोज बातमी आणत : पुढच्या महिन्यात भोंगा वाजणार. आईने एकदाच विचारलं, "कोणत्या महिन्यात?" वडील चिडले. तिने दुसऱ्या दिवसापासून डबे करायला घेतले. वडिलांच्या गिरणीचा भोंगा पुन्हा वाजला नाही.

यिर्मयाचा अठ्ठाविसावा अध्याय वाचताना मला आईचा तो प्रश्न आठवतो. बाबेलच्या राजाने मंदिरातली पात्रं, राजा आणि पुष्कळ लोक नेले आहेत. ही सत्ता इतक्यात जाणार नाही, हे दाखवायला यिर्मया मानेवर लाकडी जू घेऊन फिरतो आहे. हनन्या मंदिरात सर्वांसमोर सांगतो की दोन वर्षांत सारं परत येईल, आणि ते जू मोडून टाकतो.

ऐकणाऱ्यांनी कोणावर विश्वास ठेवावा? हनन्या खोटा हे उघडच होतं, असं आपल्याला वाटतं. पण मूळ हिब्रूत यिर्मयाला जो 'नावी', म्हणजे संदेष्टा, हा शब्द आहे, तोच हनन्यालाही आहे. 'खोटा संदेष्टा' हा शब्द त्याच्यासाठी आला तो प्राचीन ग्रीक भाषांतरात. अनुवादाच्या अठराव्या अध्यायात कसोटी आहे : सांगितलेलं घडलं नाही, तर तो शब्द परमेश्वराचा नव्हे. पण ही कसोटी वेळ निघून गेल्यावर लागते. त्या दिवशी मंदिरात उभ्या असलेल्या माणसाने काय करावं?

यिर्मया आधी 'आमेन' म्हणतो. तसं व्हावं, असं त्यालाही वाटतं. मग तो आठवण देतो, की शांतीचं भाकीत करणारा संदेष्टा शब्द खरा ठरल्यावरच ओळखावा. म्हणजे जे ऐकायला आपण आतुर असतो, तेच जास्त तपासून घ्यावं. जू मोडल्यावर तो वाद घालत नाही, निघून जातो. परमेश्वराचं वचन आल्यावरच पुन्हा हनन्यापुढे उभा राहतो. संशय म्हणजे अविश्वास, असं आपण संडे स्कूलच्या मुलांना शिकवतो. इथे तर संशय घेणारा स्वतः संदेष्टा आहे.

गेल्या वर्षी जव्हार तालुक्यातल्या एका पाड्यावर मी उत्साहाने सांगून बसले, "होळीपर्यंत नळाचं पाणी येईल." एक आजी हसून म्हणाली, "ताई, कोणत्या होळीला?" मला राग आला. यांचा कशावरच विश्वास नाही, असं मनात म्हटलं. होळी झाली, नळ आला नाही. माझ्याआधी गाडीतून आलेल्या किती जणांनी तिला तारखा दिल्या असतील! त्यांच्यात आणि माझ्यात तिने फरक का करावा?

मी परत गेले आणि पाड्यावर सर्वांसमोर माफी मागितली. आजी म्हणाली, "नळाचं राहू दे. जुन्या विहिरीतला गाळ काढायला येशील का?" आम्ही गेलो. चार दिवस लागले. पाणी थोडं आहे, पण आहे.

पुढच्याच अध्यायात यिर्मया बाबेलमधल्या लोकांना पत्र पाठवतो. मुदत सत्तर वर्षांची सांगतो, आणि तोवर घरं बांधा, बागा लावा, त्यांचं फळ खा, म्हणतो. आईचे डबे आणि आजीची विहीर मला त्या पत्राशेजारी ठेवावीशी वाटतात.

या तिमाहीत पाड्यांवर जाणाऱ्या आमच्या कार्यकर्त्यांसाठी प्रार्थना करा. आम्हाला तारखा देण्याचा मोह होतो. कोणी "कोणत्या होळीला?" असं विचारलं, तर तो प्रश्न आम्हाला नम्रपणे ऐकता यावा. आमेन.