खडकीचे बाबू

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेल्या भाषणाचा मजकूर)



लखनौत 'बाबू' म्हटले की कोणता बाबू हे विचारावे लागत नाही. शेजारच्या बाराबंकीचे कुंवर दिग्विजयसिंह 'बाबू' १९४८ साली लंडनला ऑलिंपिक विजेत्या हॉकी संघाचे उपकर्णधार होते, १९५२ साली हेलसिंकीला कर्णधार झाले आणि १९५८ साली 'पद्मश्री' झाले. १९७८ मध्ये ते गेले. शहराच्या स्टेडियमला त्यांचे नाव आहे आणि आता जवळच्या मेट्रो स्थानकालाही आहे. रोज ते नाव घेऊन उतरणाऱ्यांपैकी किती जणांना त्यांचा खेळ ठाऊक असेल, याबद्दल आम्हांस शंका आहे. तरी नाव जिभेवर राहिले आहे. एखादे पोर केव्हातरी विचारते, हे बाबू कोण? आणि घरातल्या वडीलधाऱ्यास उत्तर शोधावे लागते.

आज आम्ही बोलणार आहोत ते दुसऱ्या बाबूंविषयी, पुण्याजवळच्या खडकीचे बाबू नरसू निमल यांच्याविषयी. आपणां सर्वांस खडकी ठाऊक आहे ती लष्करी छावणीमुळे, दारूगोळ्याच्या कारखान्यामुळे, आणि हॉकीचा विषय निघालाच तर धनराज पिल्ले यांच्यामुळे. धनराज तेथे १९६८ मध्ये जन्मले. त्यापूर्वी बत्तीस वर्षे त्याच खडकीचा एक खेळाडू बर्लिनहून सुवर्णपदक घेऊन आला होता, हे आपल्यापैकी किती जणांच्या कानांवर आले आहे?

१९३६ च्या त्या ऑलिंपिकची कथा सांगताना आपण ध्यानचंदांपाशी सुरू करतो आणि ध्यानचंदांपाशीच संपवतो. त्यात गैर काही नाही. तो खेळाडूच तसा होता. परंतु आकडे जरा निराळ्या बाजूने वाचून पाहावेत. त्या स्पर्धेत भारताने पाच सामन्यांत अडतीस गोल केले. हंगेरी, अमेरिका, जपान, फ्रान्स, यांपैकी एकालाही भारतावर गोल करता आला नाही. साऱ्या स्पर्धेत भारतावर गोल झाला तो एकच, अंतिम सामन्यात जर्मनीचा. याच जर्मनीने महिनाभर आधी, १७ जुलैच्या सरावाच्या सामन्यात भारताला ४-१ असे हरवले होते. त्या पराभवाचा धक्का एवढा होता की अली दारा यांना भारतातून तातडीने बोलावून घ्यावे लागले. पावसामुळे एक दिवस पुढे गेलेला अंतिम सामना १५ ऑगस्टला झाला. मध्यंतरापर्यंत भारताचा एकच गोल होता. अखेरीस ८-१ असा विजय झाला. त्या दिवशीच्या मधल्या फळीत तिघे होते : निमल, कलन आणि गॅलिबार्डी.

मधल्या फळीचे काम कसले, हे हॉकी न पाहिलेल्या भगिनींसाठी सांगतो. पंगतीत जिलबी वाढणाऱ्याचे सगळे कौतुक करतात. चुलीपाशी बसलेल्याचे नाव कोणी विचारीत नाही. प्रतिपक्षाची धाव मध्येच अडवायची, चेंडू काढून घ्यायचा आणि आघाडीच्या खेळाडूच्या काठीपाशी नेमका पोचवायचा. पोचवला की याचे काम संपले. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात गोल करणाऱ्याचे नाव येते.

आता आक्षेप घेणारे म्हणतील, निमल एकच ऑलिंपिक खेळले, कर्णधार नव्हते, मग त्यांचे एवढे काय? आक्षेप अगदीच पोकळ नाही. लखनौच्या बाबूंच्या पंक्तीला त्यांना बसवावे असे आम्हीही म्हणत नाही. पण बर्लिनच्या वेळी ते अठ्ठावीस वर्षांचे होते. पुढच्या दोन्ही ऑलिंपिक स्पर्धा महायुद्धाने गिळल्या. लंडनची स्पर्धा आली तेव्हा त्यांची चाळिशी आली होती. एकच संधी मिळाली आणि तिचे सोने झाले. याहून जास्त त्या पिढीने काय करायचे होते?

दुसरा प्रश्न सन्मान कोणता, हा. केंद्र सरकारच्या कचेरीत तीस वर्षे फायली हलवल्यावर एवढे तरी कळते की नियमाला कळवळा नसतो. अर्जुन पुरस्कार १९६१ मध्ये सुरू झाले, तेव्हा निमल पन्नाशी ओलांडून गेले होते. निवृत्त खेळाडूंसाठीचा ध्यानचंद पुरस्कार २००२ मध्ये आला. निमल १९९८ मध्येच वारले होते. मरणोत्तर पद्म सन्मान सामान्यतः दिला जात नाही, आणि अपवाद केला तरी निधन वर्षभरातले असावे लागते. म्हणजे दिल्लीची दारे त्यांच्यासाठी बंदच आहेत. अर्ज-विनंत्या करीत बसू नये असे आमचे मत आहे.

मग उरते ते गाव. १९३६ च्या त्या संघाचे पुढे काय झाले पाहा. दारा १९४८ मध्ये पाकिस्तानचे कर्णधार झाले. गॅलिबार्डी २०११ मध्ये इंग्लंडात वारले. फाळणीने आणि स्थलांतराने तो संघ पांगला. त्यातील प्रत्येकाला त्याच्या गावाने लक्षात ठेवले तरच तो राहील. आणि गावे करतात काय? दिल्लीचे राष्ट्रीय स्टेडियम ध्यानचंदांच्या नावाने, आपल्या लखनौतील हॉकीचे मैदान (जेथे २०१६ साली भारताच्या मुलांनी ज्युनियर विश्वचषक जिंकला) ध्यानचंदांच्या नावाने, आणि खडकीपासून हाकेच्या अंतरावर, पिंपरीच्या नेहरूनगरातले मैदानही ध्यानचंदांच्याच नावाने! ध्यानचंदांची थोरवी त्याने कणभरही वाढत नाही. खडकीच्या पोराला मात्र आपल्याच गल्लीतून कोणी बर्लिनला गेला होता, हे कळत नाही.

महाराष्ट्राला हे जमत नाही असेही नाही. ज्या हेलसिंकीत लखनौच्या बाबूंनी सुवर्ण घेतले, तेथेच कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव कांस्यपदक जिंकले. तेही पुष्कळ वर्षे उपेक्षित राहिले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. पण कराड-कोल्हापूरच्या लोकांनी, तालमींनी, त्यांचे नाव सोडले नाही. आज त्यांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, महाराष्ट्रात राज्य क्रीडा दिन म्हणून पाळला जातो. दिल्लीने उशीर केला. गावाने केला नाही, एवढाच काय तो फरक. निमलांच्या मागे तालीम नव्हती, छावणी होती, आणि छावणीतली माणसे बदलत राहतात.

आपण तर गावापासून हजार मैलांवर बसलो आहोत. आपल्या हाती मैदान नाही, महानगरपालिका नाही. परंतु आपल्या मंडळाच्या वार्षिक क्रीडास्पर्धा आहेत. त्यांत यंदापासून हॉकीचा एक सामना ठेवावा आणि 'बाबू निमल ढाल' द्यावी, अशी आमची सूचना आहे. ढाल सर्वाधिक गोल करणाऱ्यास नको. मधल्या फळीतील उत्तम खेळाडूस द्यावी, आणि ढालीवर 'खडकी' आणि 'बर्लिन, १९३६' एवढे दोन शब्द व एक साल कोरावे. ढालीचा खर्च आम्ही उचलतो. नावाला मान्यता तेवढी कार्यकारिणीने पुढच्या सभेत द्यावी, ही विनंती.