मेलेल्या गाईचे पैसे, जगलेल्या गाईचा तोटा

बंगळूरमधल्या कोरमंगलाला लागूनच आडुगोडीत राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेचं आवार आहे. सरकारने 1923 मध्ये ही संस्था काढली. 1927 मध्ये हवापालटासाठी बंगळूरला आलेल्या गांधीजींनी गोपालनाचे धडे इथेच घेतले. अशा संस्थेच्या शेजारी दुधावर बोलायला तुमच्याइतके हक्काचे श्रोते मिळायचे नाहीत. पण मी बोलणार आहे ते दावणीला मेलेल्या जनावराबद्दल.

2022 च्या ऑगस्टमध्ये जळगाव जिल्ह्यातल्या चिनावलला लम्पीची जनावरं सापडली आणि बघता बघता हा चर्मरोग महाराष्ट्रभर पसरला. महाराष्ट्र सरकारने मेलेल्या जनावरामागे मदत जाहीर केली: गाईला 30,000 रुपये, बैलाला 25,000, वासराला 16,000. हे आकडे केंद्राच्या आपत्ती निवारणाच्या 2015 च्या निकषांतले, म्हणजे तेव्हाच सात वर्षांचे शिळे. कर्नाटकाने आपला हिशेब वेगळा मांडला: गाईला 20,000, बैलाला 30,000, वासराला 5,000.

आता महाराष्ट्रातलं कागल आणि कर्नाटकातलं निपाणी डोळ्यांसमोर आणा. महामार्गाने अर्ध्या तासाची वाट. दोन्हीकडे तीच संकरित गाय, तोच बाजार, बोलणंही एकच. तरी गाय मरावी ती कागलात आणि बैल मरावा तो निपाणीत, असा हा सरकारी सल्ला! रोग पसरवणाऱ्या माश्या-गोचिडांनी सीमावादात कोणाचीच बाजू घेतलेली नव्हती.

बरं, चांगली दुभती संकरित गाय घ्यायची तर लाखाच्या आसपास रक्कम मोजावी लागते. त्यामुळे 30,000 काय, 20,000 काय, गोठ्यात नवी गाय येत नाही. शिवाय पैसे मिळायला पंचनामा हवा. जनावर गोठ्यात फुगायला लागलेलं, जेसीबीने खड्डा काढून ठेवलेला, चुन्याची पोती आलेली, आणि सगळे डॉक्टरांची वाट बघतायत. डॉक्टर आले की आधी कान बघतात. कानात बारा आकड्यांचा पिवळा बिल्ला हवा. तो कुंपणात अडकून तुटला असेल तर ही गाय तुमचीच कशावरून, इथपासून सुरुवात.

पण माझी खरी तक्रार पुढेच आहे. लम्पीने मारली त्याहून कितीतरी जास्त जनावरं बरी झाली. बरी म्हणजे काय? पायांना सूज, गाभण असेल तर गर्भ गेलेला, सड सुजून आटलेले. पंधरा लिटरची गाय पाच लिटरवर आली, तरी खुराक आणि औषध चालूच. या तोट्याला दोन्ही राज्यांच्या यादीत रकाना नव्हता. मेली तर मदत, जगली तर तुमचं तुम्ही बघा.

मोजता येत नाही म्हणून वगळलं, असंही म्हणायची सोय नाही. गावोगावच्या दूध संस्थेत कोणी किती लिटर घातलं याची सकाळ-संध्याकाळ नोंद असते. बिल्ल्याच्या नंबरासह डॉक्टरांचा आजाराचा दाखला आणि संस्थेचं दूध-पुस्तक शेजारी ठेवा, तोटा समोर दिसतो. काही महिन्यांचा खुराकाचा खर्च एवढ्यावर सहज देता येईल. तो मिळेल अशी खात्री असली तर अंगावर पहिली गाठ दिसताच शेतकरी स्वतः दवाखान्यात कळवील; आज तो चार दिवस घरगुती लेप लावून बघतो आणि तेवढ्यात रोग शेजारचा गोठा धरतो. म्हणून दोन्ही सरकारांकडे मागणी एकच: सीमेच्या अलीकडे-पलीकडे दर सारखा ठेवा, आणि यादीत आजारातून उठलेल्या जनावराचा रकाना घाला.