लाल चांदणी



आज मी एका अगदी बारीक खुणेबद्दल बोलणार आहे. मोबाईलवर तुम्ही कधी फॉर्म भरला असेल, तर काही रकान्यांपुढे एक लहानशी लाल चांदणी असते. तिचा अर्थ असा, की हा रकाना भरल्याशिवाय तुम्हाला पुढे जाता येणार नाही. ही चांदणी मीच एकदा चुकीच्या ठिकाणी लावली होती. तिथूनच सुरुवात करते.

आमच्या गावातल्या गटांनी मिळून शिलाईचा वर्ग घ्यायचं ठरवलं. जागा तीस. नोंदणी मोबाईलवर करायची ठरली आणि फॉर्म बनवायचं काम माझ्याकडे आलं. मी जुना छापील फॉर्म समोर ठेवला आणि तसाच्या तसा मोबाईलवर उतरवला. नावाआधी सौ., श्रीमती की कुमारी. मग पूर्ण नाव, पतीचे नाव, वय, लिंग, मोबाईल नंबर. कुठला रकाना लागतो आणि कुठला नाही, याचा विचारच केला नाही. सगळ्यांपुढे चांदणी लावून मोकळी झाले.

दुसऱ्या दिवशी एक बाई नोंदणीला आली. अकरा वर्षं ती माहेरी राहते, पदरी एक मुलगा. नवऱ्यानं दुसरीकडे संसार थाटलाय. फारकत झालेली नाही. माझ्याशेजारी बसून तिनं फॉर्म भरायला घेतला आणि पतीच्या नावापाशी थांबली. "ताई, इथं काय लिहू?" मी घाईत होते. म्हटलं, "लिही की, कागदावर तर तो आहेच ना." ती बराच वेळ मोबाईलकडे बघत राहिली. मग म्हणाली, "राहू दे ताई. वर्गाला यायला जमायचं नाही मला." आणि उठून गेली.

तिला न जमण्यासारखं काही नव्हतं. हे मला रात्री उमगलं. ज्या माणसानं अकरा वर्षांत मुलाची चौकशी केली नाही, त्याचं नाव लिहिल्याशिवाय तिला सुईदोरा हातात धरता येणार नव्हता. आणि ही अट कुठल्या सरकारनं घातली नव्हती, मी घातली होती. सकाळी उठून मी ती चांदणी काढली आणि तिच्याकडे गेले. पण तोवर तीसही जागा भरल्या होत्या.

तेव्हापासून मी फॉर्मकडे वेगळ्या नजरेनं बघायला लागले.

बायांनो, पूर्वी कागदाचा फॉर्म असायचा. त्यात एखादा रकाना आपल्याला लागू नसेल तर आपण तिथं आडवी रेघ मारायचो. बाजूला कोपऱ्यात लिहायचो, "माहेरी राहते" किंवा "वडील हयात नाहीत". कारकून चांगला असला तर समजून घ्यायचा. मोबाईलच्या फॉर्मला कोपरा नसतो. तो फक्त दिलेली उत्तरं घेतो. तुमचं उत्तर त्या यादीत नसलं, तर 'पुढे जा' हे बटण दाबूनही काही होत नाही. लोक म्हणतात, "सिस्टीम घेत नाही." पण सिस्टीम आपोआप काही ठरवत नाही. कोणीतरी माणसानं बसून ठरवलेलं असतं, की बाई म्हटली की तिला नवरा असणार, मूल म्हटलं की त्याला बाप असणार, आणि माणूस म्हटलं की तो पुरुष तरी असणार नाहीतर स्त्री तरी.

एका फॉर्मवरून थेट सुप्रीम कोर्टात जावं लागलेल्या बाईची गोष्ट सांगते. लेखिका गीता हरिहरन यांनी १९८४ साली आपल्या लहान मुलाच्या नावानं रिझर्व्ह बँकेचे रोखे घेण्यासाठी अर्ज केला. पालक म्हणून स्वतःची सही केली. नवराबायकोचं तसं एकमतानं ठरलेलं होतं. तरी अर्ज परत आला. वडिलांची सही आणा, नाहीतर कोर्टाकडून पालक असल्याचा दाखला आणा, असं सांगण्यात आलं. कारण १९५६ च्या कायद्यात लिहिलं होतं, की हिंदू मुलाचा पालक वडील आणि 'त्यांच्यानंतर' आई. गीताबाई कोर्टात गेल्या. फेब्रुवारी १९९९ मध्ये सुप्रीम कोर्टानं निकाल दिला, की 'त्यांच्यानंतर' म्हणजे वडील मेल्यावरच असं नाही. वडील लक्ष देत नसतील, किंवा दोघांचं तसं ठरलं असेल, तर वडील हयात असतानाही आई पालक होऊ शकते. एका सहीच्या रकान्यासाठी १९८४ पासून १९९९ पर्यंत वाट बघावी लागली.

त्यानंतर बरंच बदललं. २०१६ च्या डिसेंबरात पासपोर्टचे नियम सोपे झाले. आई किंवा वडील यांपैकी एकाचंच नाव दिलं तरी चालतं आणि घटस्फोटित बाईला नवऱ्याचं नाव देण्याची सक्ती राहिली नाही. २०१८ च्या डिसेंबरपासून आई एकटी पालक असेल, तर पॅनकार्डाच्या अर्जात वडिलांचं नाव बंधनकारक नाही. आणि २०२४ साली आपल्या राज्य सरकारनं ठरवलं, की सरकारी कागदपत्रांत मुलाच्या नावानंतर आधी आईचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव. म्हणजे रकाने बदलता येतात, बायांनो. दगडावरची रेघ नाही ती.

तरी अजूनही कुठंतरी अडतंच. लाडकी बहीण योजनेचंच बघा. २०२४ मध्ये योजना आली, तेव्हा विवाहित बायांबरोबर विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता आणि निराधार बायाही पात्र धरल्या गेल्या. चांगली गोष्ट होती. २०२५ मध्ये ई-केवायसी करायची वेळ आली, तेव्हा स्वतःच्या आधार नंबरासोबत पतीचा किंवा वडिलांचा आधार नंबर द्यायचा होता आणि त्यावर ओटीपी येणार होता. आता जिचा नवरा वारला आणि वडीलही नाहीत, तिनं ओटीपी कुणाकडून आणायचा? पुढे मुदत वाढवली गेली आणि अशा बायांनी मृत्यूचा दाखला किंवा घटस्फोटाचे कागद जमा करावेत असं सांगण्यात आलं. पण टाकून दिलेल्या बाईकडे दाखला कशाचा असणार? तिचा नवरा जिवंत आहे आणि कोर्टाचा कागद नाही. योजनेच्या नियमात तिला जागा होती, पण तो टप्पा बनवताना ती कुणाच्या डोळ्यांपुढे आलेली दिसत नाही.

आता नावाआधी काय लावायचं ते बघू. पुरुषाला एकच शब्द आहे, श्री. लग्न झालेलं असो, नसो, बायको वारलेली असो, तो श्रीच. बाईला मात्र कुमारी, सौभाग्यवती, श्रीमती. आणि श्रीमती म्हटलं, की आपल्याकडे लोक लगेच समजतात, हिचा नवरा नसणार. म्हणजे शिलाईच्या वर्गाला नाव घालतानाही बाईनं आधी आपल्या कुंकवाचा हिशोब द्यायचा. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावानं २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव करून विधवा प्रथा बंद केल्या. कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं थांबवलं. गाव एवढं पुढे जातं, तर आपल्या फॉर्ममधला हा रकाना आपण काढू शकत नाही का? नुसतं नाव विचारलं तरी काम होतं.

आणखी एक रकाना आहे, लिंगाचा. स्त्री की पुरुष? इथं काही माणसांना उत्तरच नसतं. जत्रेत आपण जोगत्याच्या पाया पडतो. घरात बाळ आलं की दारात आलेल्या तृतीयपंथीयांचा आशीर्वाद घेतो. आशीर्वाद चालतो, पण नाव लिहायची वेळ आली की जागा नाही. २०११ च्या जनगणनेत पहिल्यांदा स्त्री आणि पुरुष यांच्या पलीकडे 'इतर' असा तिसरा पर्याय आला. देशात साधारण पावणेपाच लाखांहून जास्त लोकांची त्यात नोंद झाली आणि त्यांतले चाळीस हजारांवर आपल्या महाराष्ट्रातले. १५ एप्रिल २०१४ ला सुप्रीम कोर्टानं निकाल दिला, की तृतीयपंथी माणसांना तिसरं लिंग म्हणून मान्यता हवी आणि आपण कोण हे ज्याचं त्यानं सांगायचं. लगेच २०१५ मध्ये रिझर्व्ह बँकेनं सगळ्या बँकांना आपापल्या फॉर्ममध्ये तिसरा पर्याय घालायला सांगितलं. आधारच्या अर्जातही तो आहे.

काही बाया मला म्हणतात, "अगं, आपल्या गावात असं कोण आहे?" मी म्हणते, जागाच ठेवली नाही तर कोण येऊन सांगेल? आणि ज्या बाईला पतीच्या नावापाशी उठून जावं लागलं, तिचं दुःख आणि लिंगाच्या रकान्यापाशी अडणाऱ्याचं दुःख एकाच जातीचं आहे. दोघांनाही फॉर्म सांगत असतो, की तू आमच्या हिशोबात नाहीस.

मग आपण काय करायचं?

आपल्या गटाचा फॉर्म आपणच बनवतो. वर्गाची नोंदणी, मसाल्याची ऑर्डर, सहलीची नावं, सगळं. प्रत्येक रकान्यापाशी थांबून एकच प्रश्न विचारायचा, ही माहिती मला कशाला हवी? शिलाई शिकायला नवऱ्याचं नाव लागत नाही. अडीअडचणीला कुणाला फोन करायचा हे हवं असेल, तर तसंच विचारा, 'अडचणीच्या वेळी कुणाला कळवायचं?' मग कुणी आईचं नाव देईल, कुणी बहिणीचं, कुणी मैत्रिणीचं. लिंग विचारायची गरज नसेल तर विचारूच नका. आरोग्य शिबिरासारख्या कामाला गरज असेल, तर स्त्री, पुरुष, तृतीयपंथी आणि 'सांगायचे नाही' असे चार पर्याय ठेवा.

शेवटच्या ओळीकडेही लक्ष द्या. "मी वरील अटी मान्य करतो." फॉर्म भरणारी बाई, आणि लिहिलंय 'करतो'! त्याऐवजी "मला वरील अटी मान्य आहेत" असं लिहिलं की सगळ्यांना चालतं. आपल्या मराठीत अशी वाक्यं भरपूर आहेत.

आणि भरलेली यादी गटाच्या व्हॉट्सॲपवर टाकू नका. कोण घटस्फोटित, कोण एकटी, हे गावभर व्हायला वेळ लागत नाही.

दुसऱ्याचा फॉर्म भरताना अडलात तर आधी चांदणी आहे का ते बघा. नसेल तर रकाना रिकामा सोडा, पुढे जाता येतं. चांदणी असेल तर वेळ मारून नेण्यासाठी खोटं लिहू नका. आज एका कागदावर एक आणि उद्या दुसऱ्यावर दुसरं झालं, की पुढे तेच आडवं येतं. त्या पानाचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा आणि त्या कार्यालयाला लेखी अर्ज द्या, की हा रकाना मला लागू नाही, मी काय करू? अर्जाची पोच घ्या. उत्तर आलं नाही, तर ही माहिती कोणत्या नियमानं सक्तीची आहे, हे माहितीच्या अधिकारात विचारता येतं. एकटीनं जायला संकोच वाटला तर गटानं मिळून जा. एकीचा अर्ज बाजूला पडतो, दहाजणींचा पडत नाही.

जाता जाता त्या बाईचं सांगते. सहा महिन्यांनी वर्गाची दुसरी तुकडी निघाली. मी तिच्या घरी गेले, आधी माफी मागितली, मग नवा फॉर्म तिच्या मोबाईलवर पाठवला. तिनं तो माझ्यासमोर भरला. अडचणीच्या वेळी कुणाला कळवायचं, या रकान्यात तिनं मुलाचं नाव लिहिलं. तो आता बारा वर्षांचा आहे. मला म्हणाली, "ताई, एवढाच होता होय फॉर्म?"

एवढाच होता. पण माझ्या एका चांदणीपायी तिचे सहा महिने गेले.

तर मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीला आपल्या गटाचे सगळे फॉर्म काढून मध्ये ठेवा, कागदाचेही आणि मोबाईलवरचेही. मोठ्यानं वाचा. कुठल्या रकान्यापाशी आपल्यातली कोण अडखळते, ते बघा. तिथली चांदणी त्याच दिवशी काढून टाका.