इंजिन मोटारसायकलचे की मोटारीचे?

(कुंभार पिंपळगाव येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



मी यंत्र अभियांत्रिकी शिकवतो. वर्गाबाहेर मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न आज मी विषय म्हणून घेतला आहे. विचारणारा मुलगा बहुधा एकोणीस-वीस वर्षांचा असतो. घरामागे पत्र्याखाली त्याने चौकोनी पाइप वेल्डिंग करून सांगाडा उभा केलेला असतो. चार चाके जमलेली असतात, स्टीअरिंगही कुठून तरी मिळालेले असते, फक्त इंजिन ठरायचे असते. “सर, पल्सरचं टाकू का मारुतीचं?”

हा प्रश्न हौशी पोरांचा म्हणून सोडून देण्यासारखा नाही. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावचे दत्तात्रय लोहार यांनी याच प्रश्नाचे उत्तर स्वतःच्या हातांनी दिले. देवराष्ट्रे म्हणजे यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव. तिथे लोहार यांनी भंगारातले भाग आणि दुचाकीची यंत्रणा वापरून छोटी जीप बांधली. सुमारे साठ हजार रुपये खर्च आला. ती किक मारून सुरू होते, मोटारसायकलसारखी. डिसेंबर २०२१मध्ये तिची चित्रफीत उद्योगपती आनंद महिंद्रांनी पाहिली, जीपच्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली आणि जानेवारी २०२२मध्ये ती लोहार कुटुंबाच्या दारात उभी राहिली. बातम्या बोलेरोच्या झाल्या. माझे लक्ष मात्र त्या किकवर खिळले होते, कारण लोहार यांनी काय निवडले आणि का, हे तिच्यात दिसते. इंजिन हलके, स्वस्त, जवळ मिळणारे आणि स्वतःला दुरुस्त करता येणारे.

त्यांच्याही आधीचे नाव इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णींचे. १९४९च्या सुमारास त्यांनी ‘मीरा’ नावाची छोटी दोन आसनी मोटार उभी केली आणि पुढची दोन-अडीच दशके ती सुधारत नेली. इंजिन मागे, स्प्रिंगांच्या जागी रबर. तिचे कारखानी उत्पादन कधीच झाले नाही. मराठी मुलांच्या पाठ्यपुस्तकात हा माणूस असायला हवा होता, असे मला मनापासून वाटते.

परदेशात या छंदाला किट कार म्हणतात. सांगाडा आणि बॉडी सुट्या भागांत विकत घ्यायची, जुन्या गाडीचे इंजिन काढून तिच्यात बसवायचे. इंग्लंडमध्ये १९५७ साली आलेली लोटस सेव्हन अशीच विकली जाई, कारण घरी जोडलेल्या गाडीवर तेव्हा तिथे खरेदी-कर लागत नसे. आपल्याकडे सुटे भाग पेटीतून येत नाहीत, भंगारातून येतात. आणि जालना जिल्ह्यात तर भंगाराला तोटा नाही. देशभरातले लोखंड वितळायला आपल्या जालन्याच्या भट्ट्यांकडे येते.

आता मूळ मुद्दा. मुले मला आधी हॉर्सपॉवर सांगतात. केटीएम ३९० ड्यूकचे जुने ३७३ सीसीचे इंजिन सुमारे ४३ हॉर्सपॉवरचे. मारुती ८००चे ७९६ सीसीचे, तीन सिलिंडरचे इंजिन ३७चे. मग निम्म्याहून कमी आकाराचे इंजिन मारुतीपेक्षा ताकदवान ठरले की नाही? कागदावर ठरले. पण ती ताकद कुठे मिळते ते पाहा. मारुतीचा पीळ, म्हणजे ज्याला आपण टॉर्क म्हणतो, ५९ न्यूटन-मीटर आहे आणि तो मिनिटाला अवघ्या २,५०० फेऱ्यांवर मिळतो. केटीएमचा ३७ आहे, तोही ७,००० फेऱ्यांच्या आसपास. न्यूटन-मीटर हा शब्द अवघड वाटत असेल तर एक मीटर लांबीचा पाना डोळ्यांसमोर आणा. त्याच्या टोकाला सहा किलोचे ओझे टांगले की जेवढा पीळ नटावर येतो, तेवढा मारुतीचा. पावणेचार किलो टांगले की केटीएमचा, आणि तोसुद्धा इंजिन किंचाळायला लागल्यावर. दीडशे किलोची मोटारसायकल आणि वर एक माणूस, एवढ्यासाठी तो भरपूर आहे. त्याच इंजिनामागे सहाशे किलोची गाडी आणि चार माणसे बांधली की शर्यतीचा खोंड औताला जुंपल्यासारखे होते. खोंडात खोट नसते, काम त्याचे नसते.

दुसरी गोष्ट या गावात समजावणे मला सोपे जाते, कारण गावाच्या नावातच कुंभार आहे. कुंभाराचे जुने चाक आठवा. जड चाक, काठीने फिरवले की बराच वेळ आपल्याच वजनावर फिरत राहते, मातीवर हात दाबला तरी थबकत नाही. मोटारीच्या इंजिनाला मागे असेच जड चाक असते, त्याला फ्लायव्हील म्हणतात. क्लच सोडताना गाडीचे सगळे वजन इंजिनावर येते, तेव्हा ते चाक साठवलेला जोर देते आणि इंजिन बंद पडत नाही. वेगवान मोटारसायकलचे हे चाक मुद्दाम हलके ठेवतात, म्हणजे रेस दिली की इंजिन लगेच उसळावे. त्या इंजिनावर जड गाडी हलवायची तर रेस वाढवून हाफ क्लच धरावाच लागतो.

आणि हाफ क्लचवर काय होते ते मी माझ्या डोळ्यांदेखत पाहिले आहे. आमच्या विद्यार्थ्यांनी बांधलेल्या एका गाडीत दुचाकीचे इंजिन घालायला मीच संमती दिली होती. सपाटीवर ती सुंदर धावली. मग दोघे बसून ती चढावर नेली. मोटारसायकलचा क्लच बहुतेक इंजिनाच्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो. प्लेटा घासल्या, जळाल्या, त्यांचा भुगा त्याच ऑइलमधून इंजिनभर फिरला. मुलांची चार महिन्यांची मेहनत अर्ध्या तासात गेली. आधी वजन करायला लावायचे ते मी लावले नाही, ही चूक माझी होती. तेव्हापासून मी हा विषय जिथे बोलावतील तिथे मांडतो.

ऑइलचा आणखी एक धोका आहे, तो फारसा कोणी सांगत नाही. मोटारसायकल वळणावर कलते. ती कलते म्हणून तिच्या तळातले ऑइल तळातच राहते. तेच इंजिन चार चाकांच्या गाडीत ताठ बसवले की वळणावर ऑइल एका बाजूला फेकले जाते, पंपाच्या तोंडाशी हवा येते आणि काही क्षण बेअरिंगला ऑइलच मिळत नाही. आवाज येत नाही, दिवा लागेपर्यंत उशीर झालेला असतो. म्हणून शर्यतीच्या गाड्यांत मोटारसायकलचे इंजिन घालणारे लोक ऑइलच्या तळात पत्र्याचे आडोसे बसवतात. तुम्ही मोटारसायकलचे इंजिन घेणार असाल तर हा आडोसा स्वतः करून घ्या.

गारव्याचेही तेच. हवेवर थंड होणारे इंजिन समोरून येणाऱ्या वाऱ्यासाठी घडवलेले असते. ते बॉनेटखाली किंवा सीटमागे कोंडले आणि मे महिन्यात दुपारी बाजाराच्या गर्दीत अडकले, तर पंखा लावल्याशिवाय ते तग धरणार नाही. रिव्हर्स गिअर तर बहुतेक मोटारसायकलींत नसतोच. मागच्या दोन चाकांना वळणावर वेगवेगळ्या गतीने फिरू देणारे डिफरन्शियलही नसते. त्यासाठी हुशार मिस्त्री ऑटोरिक्षाकडे वळतात, कारण रिक्षात रिव्हर्सही असतो आणि डिफरन्शियलही. ही युक्ती मला आवडते.

मग मोटारसायकलचे इंजिन चुकीचेच का? अजिबात नाही. देशभरातले अभियांत्रिकीचे विद्यार्थी फॉर्म्युला स्टुडंट स्पर्धेसाठी एकट्या चालकाची गाडी बांधतात. पेट्रोलवरच्या गाडीला इंजिन ७१० सीसीच्या आतले आणि हवा आत घेणारी वाट वीस मिलिमीटरपर्यंत आवळलेली, असा नियम आहे. तिथे बहुतेकांचे इंजिन मोटारसायकलचेच असते आणि ते अगदी योग्य आहे. गाडी हलकी, माणूस एक, रस्ता शर्यतीचा, आणि गिअरबॉक्स इंजिनातच असल्यामुळे वजन व जागा दोन्ही वाचते. इंग्लंडमध्ये तर सुझुकी हायाबुसाचे १,२९९ सीसीचे इंजिन हलक्या किट कारमध्ये घालतात आणि भल्या भल्या मोटारींना मागे टाकतात.

ओझ्याच्या कामालाही ते चालते, पण अटीवर. सौराष्ट्रातला बुलेटच्या इंजिनावरचा जुना तीनचाकी छकडो घ्या. बुलेटचे पुढचे धूड, मागे माणसे आणि पोती. बुलेटचे फ्लायव्हील मोटारसायकलींत जड, फेऱ्या कमी, इंजिन उघड्यावर वाऱ्यात. वेग सोडला आणि ओझे घेतले. दुसरे उदाहरण घरचे. छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूजच्या कारखान्यात बजाजने क्यूट नावाची छोटी चारचाकी बनवली. एकच सिलिंडर, २१६ सीसी, जवळपास १३ हॉर्सपॉवर, पाण्याने थंड होणारे इंजिन मागे. चार माणसे नेणारी. पण तिच्यासाठी त्यांनी गाडीचे वजन ४०० किलोंच्या आसपास ठेवले आणि कमाल वेग ताशी ७० किलोमीटरवर बांधला. याउलट टाटांची नॅनो ६०० किलोंच्या आसपास, आणि तिच्यासाठी त्यांनी दोन सिलिंडरचे ६२४ सीसीचे, मोटारीचेच इंजिन नव्याने घडवले. दोन्ही गाड्यांत इंजिन वजनाला साजेसे आहे.

आता माझा कौल. एक-दोन माणसे, गाडी चारशे किलोंच्या आत, धावायची शेतात किंवा मैदानात, तर मोटारसायकलचे इंजिन घ्या. आडोसा, पंखा आणि रिक्षाचे डिफरन्शियल विसरू नका. पुढचे स्प्रॉकेट लहान आणि मागचे मोठे करा. वेग कमी होईल, पण क्लच वाचेल. घरची चार माणसे, मोसंबीच्या दोन क्रेट्स आणि पावसाळ्यात काळ्या मातीचा गाडरस्ता असेल, तर मोटारीचेच इंजिन. त्यातही माझी पसंती जुन्या मारुती ओम्नीला. इंजिन ८००चेच, पण ते सीटखाली उभे, म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेने बसते, मागे गिअरबॉक्स, मग प्रोपेलर शाफ्ट, मग मागचे डिफरन्शियल. ही अख्खी रांग उचलून तुमच्या सांगाड्यात बसते. सुटे भाग तालुक्याच्या गावी मिळतात आणि कोणत्याही गॅरेजमधल्या पोराला ते इंजिन तोंडपाठ असते.

एक कडू गोष्ट सांगितली पाहिजे. आपल्या देशात घरी बांधलेली गाडी रस्त्यावर आणता येत नाही. १९८८च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ नोंदणी झालेल्या गाडीच्या मूळ स्वरूपात मनाजोगा बदल करू देत नाही. नवा नमुना असेल तर तो पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेकडून तपासून मंजूर करून घ्यावा लागतो आणि तो खर्च कारखान्यांना परवडेल असाच आहे. लोहारांना जीपच्या बदल्यात बोलेरो मिळाली, पण ती जीप रस्त्यावरच्या नियमांत बसत नव्हती. सुरक्षिततेसाठी नियम हवेतच. मात्र एकट्या माणसाने बांधलेली एकच गाडी तपासून देण्याची परवडणारी सोय इंग्लंडमध्ये आहे, तशी इथेही व्हावी, ही मागणी मी या व्यासपीठावरून करतो. ती होईपर्यंत तुमची गाडी शेतात आणि मैदानातच चालवा, रस्त्यावर आणून आपला आणि दुसऱ्याचा जीव धोक्यात घालू नका.

ज्यांचे सांगाडे उभे आहेत त्यांनी उद्या ते ट्रॅक्टर-ट्रॉलीत घालून जवळच्या वजनकाट्यावर न्या आणि आकडा लिहून आणा. त्यात इंजिनाचे आणि बसणाऱ्या माणसांचे वजन मिळवा. मी उद्या दुपारपर्यंत गावात आहे. तो आकडा घेऊन या, मग इंजिन ठरवू.