उजळणीचे शास्त्र



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा एका स्नेह्यांनी मला विचारले, "वसंत व्याख्यानमालेत तत्त्वज्ञान यावे, इतिहास यावा, परीक्षेच्या उजळणीवर व्याख्यान देण्यासारखे असे काय आहे?" प्रश्न रास्त होता. पण समोर बसलेल्या मंडळींत असे काही आईबाप खचित असतील की ज्यांचा मुलगा किंवा मुलगी आज पुण्याच्या सदाशिव पेठेत, नाहीतर थेट दिल्लीत, एखाद्या अभ्यासिकेत बसून सनदी सेवेच्या परीक्षेची तयारी करीत आहे. खोलीचे भाडे, खानावळीचा खर्च, अभ्यासिकेची फी हे सारे दरमहा घरून जाते. कोणी त्यापायी दागिना मोडतो, कोणी कर्ज काढतो. ज्या गोष्टीवर घरातील तरुण माणसाची चार-पाच वर्षे खर्ची पडतात, तिचा विचार या व्यासपीठावरून व्हावा हे मला मुळीच अप्रस्तुत वाटत नाही.

सनदी सेवेचे आकर्षण आपल्याकडे नवे नाही. १८५५ साली लंडनमध्ये ही स्पर्धापरीक्षा सुरू झाली. १८६३ साली सत्येंद्रनाथ टागोर हे तीतून निवडले गेलेले पहिले भारतीय ठरले. आणि १९१८ साली आपल्या चिंतामणराव देशमुखांनी तीत पहिला क्रमांक मिळवला, ही हकीकत मराठी घरांत अजून अभिमानाने सांगितली जाते. पण त्या काळी परीक्षेला बसणारे मोजके होते. आता २०२३ सालचे आकडे पाहा. केंद्रीय लोकसेवा आयोगाकडे त्या वर्षी १०,१६,८५० अर्ज आले. प्रत्यक्ष पूर्वपरीक्षेला बसले ५,९२,१४१. मुख्य परीक्षेसाठी पात्र ठरले १४,६२४, मुलाखतीपर्यंत पोहोचले २,८५५ आणि अखेरीस निवडले गेले १,०१६. म्हणजे परीक्षेला बसणाऱ्या सुमारे ५८० जणांमागे एक.

हे आकडे मी भीती घालण्यासाठी सांगत नाही. जागाच थोड्या असल्यावर पुष्कळांना अपयश येणार, हे उघड आहे. आणि कोणतीही युक्ती हे गणित बदलू शकणार नाही. पण अपयशाचे एक कारण असे आहे की ज्यावर विद्यार्थ्याचा स्वतःचा ताबा चालतो, आणि तेच बहुधा दुर्लक्षित राहते. ते कारण आळस नव्हे. बारा-बारा तास बसणारी मुले मी पाहिली आहेत. 'आपल्याला हे येते' असा खोटा विश्वास, हे ते कारण होय.

एक छोटी परीक्षा आपण येथेच घेऊ. राज्यघटनेत धनविधेयकाची तरतूद आहे. अभ्यास करणाऱ्या कोणाही मुलाला विचारा, हा विषय वाचला आहेस का? तो म्हणेल, चार वेळा वाचला. आता पुस्तक मिटायला सांगा आणि विचारा: एखादे विधेयक धनविधेयक आहे की नाही, याचा निर्णय कोण करतो? राज्यसभा ते किती दिवस ठेवून घेऊ शकते? राष्ट्रपतींना ते फेरविचारासाठी परत पाठवता येते का? उत्तरे अशी: लोकसभेचे अध्यक्ष, चौदा दिवस, आणि परत पाठवता येत नाही. उत्तर ऐकताच मुलगा म्हणतो, "अहो, हे मला ठाऊक होते!" त्याला ठाऊक होते हे खरे, पण मागितले त्या क्षणी त्याच्या हाती आले नाही. दिसल्यावर ओळखणे निराळे आणि न दिसता आठवणे निराळे. रस्त्यात भेटलेल्या माणसाचा चेहरा आपण ओळखतो, नाव मात्र आठवत नाही. तसाच हा प्रकार आहे. पूर्वपरीक्षेत तर चुकीच्या उत्तरासाठी त्या प्रश्नाच्या गुणांपैकी एकतृतीयांश गुण कापले जातात. म्हणजे तेथे अर्धवट ज्ञान नुसते निरुपयोगी नव्हे, ते पदरचे गुणही घालवते.

बहुतेक मुले उजळणी म्हणतात ती म्हणजे पुन्हा वाचणे. रेघा मारलेली पाने डोळ्यांखालून जातात, मजकूर ओळखीचा वाटतो, मन सुखावते. दुकानदाराने फळ्यांवरून नुसती नजर फिरवावी आणि 'माल भरपूर आहे' म्हणावे, तशातली ही गत. गिऱ्हाईक येऊन जिन्नस मागते तेव्हा डबा रिकामा निघतो. शहाणा दुकानदार झाकण उघडून पाहतो. उजळणी म्हणजे झाकण उघडून पाहणे.

हे केवळ माझे मत नाही. १८८५ साली हेर्मान एबिंगहाउस या जर्मन शास्त्रज्ञाने स्मृतीवरील आपले प्रयोग प्रसिद्ध केले. निरर्थक अक्षरसमूहांच्या माळा त्याने स्वतःच पाठ केल्या आणि किती विसरले ते मोजले. विसरणे पहिल्या काही तासांत झपाट्याने होते आणि मग मंदावते, असे त्याला आढळले. दुसरा निष्कर्ष अधिक उपयोगी आहे. आदल्या एका दिवशी केलेल्या ६८ आवृत्त्यांनी जे साधले, तेवढेच तीन दिवसांत विभागलेल्या ३८ आवृत्त्यांनी साधले. श्रम जवळजवळ निम्मे आणि फळ तेच!

पुढे २००६ साली अमेरिकेत रोडिगर व कार्पिकी या दोघांनी विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. एका गटाने एक उतारा चार सत्रांत वाचून काढला. दुसऱ्या गटाने तो एकाच सत्रात वाचला आणि उरलेल्या तीन सत्रांत, उतारा समोर न ठेवता, आठवेल तेवढे लिहून काढले. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणारा गट पुढे होता. आठवड्यानंतर मात्र पारडे फिरले: वाचणाऱ्यांना सुमारे ४० टक्के आठवले, लिहिणाऱ्यांना सुमारे ६१ टक्के. आणि गंमत अशी की, आपल्याला पुढे अधिक आठवेल असा भरवसा वाचणाऱ्या गटालाच जास्त होता.

आपल्या पूर्वजांना हे मर्म निराळ्या वाटेने सापडले होते. वेदपाठकांनी संहितापाठाबरोबर पदपाठ, क्रमपाठ, जटापाठ, घनपाठ अशा रीती बसवल्या. त्यांत शब्द उलटसुलट क्रमाने, पुन्हा पुन्हा जोडून म्हणायचे. एक शब्द निसटला तर तो तेथेच उघडा पडतो. पाठांतर हे आजच्या परीक्षेचे साध्य नव्हे, हे मला मान्य आहे. पण आवृत्तीने चूक उघडी पडली पाहिजे, हे तत्त्व आजही तितकेच खरे आहे.

मग प्रत्यक्षात करावे काय? पहिली गोष्ट, पुस्तके थोडी ठेवावीत. एका विषयाची पाच पुस्तके एकदा वाचण्यापेक्षा एक चांगले पुस्तक पाच वेळा घोळवावे. आज मोबाइलवर टिपणांचा पूर येतो. पण साठवलेले टिपण म्हणजे आठवलेले टिपण नव्हे.

दुसरी गोष्ट, प्रकरण वाचून झाले की पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहावे आणि मगच पुस्तक उघडून ताडून पाहावे. हेच दुसऱ्या दिवशी, मग आठवड्याने, मग महिन्याने करावे. हे अंतर म्हणजे वेदवाक्य नव्हे. किंचित विसरू लागल्यावर आठवण्याचा प्रयत्न करावा, एवढेच त्यातले सार आहे.

तिसरी गोष्ट, चुकांची एक वही ठेवावी. आयोग जुन्या प्रश्नपत्रिका प्रसिद्ध करतो. त्या सोडवाव्यात आणि चुकलेला प्रत्येक प्रश्न कारणासह वहीत टिपावा: माहीत नव्हते, आठवले नाही, की प्रश्नच नीट वाचला नाही? या तिन्ही रोगांची औषधे निराळी आहेत. शेवटच्या महिन्यात नवे पुस्तक न उघडता हीच वही उघडावी. आणि झोप मोडू नये. जागरणाने शिणलेले डोके ऐन वेळी दगा देते.

चौथी गोष्ट मुख्य परीक्षेची. सामान्य अध्ययनाच्या बहुतेक प्रश्नपत्रिकांत तीन तासांत वीस उत्तरे लिहायची असतात. म्हणजे एका उत्तराला नऊ मिनिटे. येथे नुसते आठवूनही भागत नाही; आठवलेले मांडावे लागते. म्हणून या परीक्षेची उजळणी हातात लेखणी आणि समोर घड्याळ घेऊनच झाली पाहिजे.

अशी उजळणी सुखाची नसते. कोरा कागद समोर येतो आणि चार ओळींनंतर हात थांबतो, तेव्हा मन खट्टू होते. वाचन गोड लागते, कारण ते आपल्याला शहाणे भासवते. आठवणे कडू लागते, कारण ते आपले अज्ञान दाखवते. पण परीक्षेच्या दालनात ते उघडे पडण्यापेक्षा खोलीत चार महिने आधी पडलेले काय वाईट?

आता दोन शब्द आईबापांसाठी. मुलगा घरी फोन करतो तेव्हा आपण विचारतो, "आज किती तास अभ्यास केलास?" या प्रश्नाचे उत्तर देणे सोपे असते, आणि ते आपल्याही समाधानाला पुरते. त्याऐवजी कधीतरी विचारा, "गेल्या आठवड्यात वाचलेले आज काय आठवले? मला समजावून सांग पाहू." आपल्याला विषय कळला नाही तरी हरकत नाही; सांगता सांगता त्याचे त्यालाच कळेल.

शेवटची गोष्ट. खुल्या वर्गातील उमेदवाराला या परीक्षेच्या सहा संधी मिळतात आणि वयाची मर्यादा ३२ वर्षांची आहे. पूर्वपरीक्षेच्या एका पेपरला बसले तरी एक संधी खर्ची पडते. जो दर आठवड्याला स्वतःला प्रामाणिकपणे तपासतो, त्याला आपण पुढे सरकतो आहोत की जागच्या जागी आहोत, हेही वेळेवर कळते. पुढे सरकत असेल तर तो धीराने लढतो. नसेल तर वेळीच दुसरी वाट धरण्याचे बळ त्याला येते, आणि त्यात कमीपणा काहीच नाही. स्वतःला फसवणाऱ्याला मात्र शेवटची संधी संपेपर्यंत यातले काहीच उमगत नाही.

आपल्या घरातील पितळेची भांडी ठेवून ठेवून काळी पडतात आणि चिंच लावून घासली की पुन्हा उजळतात. उजळणी हा शब्दही त्या उजळण्यातलाच आहे. नुसते पाहून भांडे उजळत नाही, त्याला हात लावून घासावे लागते. विद्येचेही तसेच आहे.