डिझेल इंजिनाचा ठोका

नागपूरहून हैदराबादेस जाणारा हमरस्ता आमच्या पांढरकवड्यावरून जातो. पूर्वीं त्याचा क्रमांक ७ होता, आतां ४४ आहे. पाटणबोरी मागें पडली कीं पुढें पैनगंगा, आणि पैनगंगेपलीकडे तेलंगण. कापसाच्या हंगामांत या रस्त्यावर गांठी वाहणाऱ्या ट्रकांची रीघ रात्रंदिवस चालूं असते. अशा रस्त्याच्या कांठीं आयुष्य काढलेल्या माणसाचे कान, तो पेशानें मास्तर असला तरी, थोडेबहुत मिस्त्रीचे होतात.

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा स्वतःचा ट्रक आहे. कर्ज काढून घेतलेला, जुन्या घडणीचा, सहा सिलिंडरांचा. ऐन हंगामांत त्याच्या इंजिनांतून ठक् ठक् असा टणक आवाज येऊं लागला. एका ठिकाणीं त्याला सांगण्यांत आलें कीं बेअरिंग गेलें, सबंध इंजिन उघडावें लागेल. इंजिन उघडलें म्हणजे गाडी उभी. कर्जाचा हप्ता मात्र कोणासाठीं उभा राहत नाहीं. तो माझ्याकडे आला तो सल्ल्याकरितां नव्हे, पैशांकरितां. मीं त्याला रस्त्यावरील एका वृद्ध मिस्त्रीकडे नेलें.

येथें इंजिनाविषयीं दोन शब्द सांगणें भाग आहे. डिझेल इंजिनांत ठिणगी नसते. रुडॉल्फ डिझेल यानें १८९३ सालीं पेटंट मिळविलेल्या यंत्राचें मर्म हें कीं, हवा इतकी दाबावयाची कीं ती तापून आपणच तेलास पेटवील. पंप तेल दाबतो, इंजेक्टर त्याचा फवारा करतो. फवारा पडल्यापासून तो पेट घेईपर्यंत क्षणाचा सूक्ष्म अंश जातो; तेवढ्यांत सांचलेलें तेल एकदम भडकतें, आणि तोच डिझेलचा स्वाभाविक ठोका. थंड इंजिनांत हा विलंब वाढतो, म्हणून पहांटे आवाज कर्कश येतो व इंजिन तापल्यावर मवाळ होतो. त्यांत भिण्यासारखें कांहीं नाहीं. तापल्यावरहि जो राहतो, त्या ठोक्याची चौकशी करावी.

तो सर्व सिलिंडरांत सारखा असला, तर पंप तेल वेळेपूर्वींच सोडीत असावा. एकाच सिलिंडरांत असला, तर तेथील नॉझलची सुई अडकत असावी. मग फवाऱ्याऐवजीं थेंब गळतात व धूर काळा येतो. एक कीं सहा, हें कान कसें ओळखतो? संथ चालणारें इंजिन मिनिटास ६०० फेरे घेत असलें, तर प्रत्येक सिलिंडरांत दोन फेऱ्यांस एकदां, म्हणजे सेकंदास ५ वेळां तेल पेटतें. सहांत मिळून ३० वेळां. तीस ठोक्यांची गुणगुण होते, पांच मात्र निराळे ऐकूं येतात.

मिस्त्रीनें लांब स्क्रू-ड्रायव्हरचें टोंक इंजिनास व मूठ कानास लावली. मग इंजिन चालूं असतांच पान्हा घेऊन एकेका इंजेक्टरच्या नळीची नट क्षणभर सैल केली. चौथ्या नळीशीं ठोका थांबला. माझा विद्यार्थी हर्षला. मिस्त्री हर्षला नाहीं. तो म्हणाला, “मास्तर, तेल तोडलें कीं बेअरिंगवरचा भारहि उतरतो, म्हणून तेंहि गप्प बसतें. सिलिंडर सांपडला, चोर सांपडला नाहीं.” त्यानें चौथा व तिसरा इंजेक्टर नवे तांब्याचे वॉशर घालून आपसांत बदलले. इंजिन सुरू केलें. आतां तिसरी नळी सैल करतांच ठोका थांबला. आवाज इंजेक्टराबरोबर हलला होता. बेअरिंग निर्दोष होतें. भूमितीचे सिद्धांत मीं वर्षानुवर्षें फळ्यावर मांडले, परंतु इतकी सरळ सिद्धता क्वचितच मांडली असेन. नवें नॉझल बसलें आणि गाडी दुसऱ्या दिवशीं आदिलाबादकडे गेली. पुढें एका दुसऱ्या गाडीचा ठोका मात्र जागचा हलला नाहीं. ती उघडावीच लागली.

इंजिन कधीं दमतें, कधीं उसळतें आणि मधेंच बंद पडतें, तेव्हां बहुधा तेलांत हवा शिरलेली असते. टाकीपासून फीड पंपापर्यंतची नळी ओढीवर असते. तिच्या जोडांत फट असली तर तेल बाहेर न गळतां हवा आंत जाते. जमिनीवर थेंब नाहीं एवढ्यावरून नळी निर्दोष समजूं नये. फिल्टरवरील स्क्रू सैल करून, फेस जाऊन स्वच्छ तेल येईपर्यंत हातपंप मारावा. रॉकेल मिसळलेल्या तेलाची गोष्ट निराळी. पंपाचा दट्ट्या व त्याचें घर यांमधील फट मिलिमीटरच्या कांहीं सहस्रांशांइतकीच असते, आणि तेथें वंगण डिझेलचेंच. रॉकेलानें तें पातळ होऊन पंप झिजतो. चार पैसे वांचविणाऱ्यास हें फार उशिरां कळतें.

आतां एक कळकळीची सूचना. नळी सैल करण्याची ही युक्ति जुन्या पंपाच्या गाडीपुरतीच आहे, आणि तेथेंहि ती जाणत्या हातांचीच. जुना इंजेक्टर हवेच्या दाबाच्या सुमारें २०० पटींस उघडतो. १ एप्रिल २०२० पासून बी. एस. ६ नियम लागू झाले. त्या नव्या ट्रकांत कॉमन रेल असते, आणि तींत दीड-दोन हजार पट दाब सतत कोंडलेला असतो. तेथें चालूं इंजिनाच्या नळीस पान्हा लावूं नये. कोणता सिलिंडर दुबळा तें तपासणीचें यंत्र जोडून पाहावें. तेलाची सूक्ष्म धार कातडी भेदून हातांत शिरते. बाहेर सुई टोंचल्याएवढी खूण दिसते, दुखतहि फारसें नाहीं, पण आंत मांस सडूं लागतें. अशा वेळीं हळद लावून घरीं बसूं नये. त्याच घटकेस शस्त्रक्रियेची सोय असलेलें रुग्णालय गांठावें, आणि तेलाची धार लागली हें डॉक्टरांस स्पष्ट सांगावें.